मनगटातून अँजिओग्राफी झाल्यावर रक्तवाहिनी बंद पडू नये म्हणून

खामगाव, मेहकर, लोणार भागातील अनेक रुग्ण अँजिओग्राफीसाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातात. तपासणी मनगटातून झाली की रुग्ण लगेच चालू-फिरू शकतो आणि मांडीतून केलेल्या तपासणीपेक्षा रक्तस्राव कमी होतो. १९८९ मध्ये कॅनडातील डॉ. ल्युसियाँ कांपो यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

रक्तवाहिनी बंद का पडते?

मनगटातील रेडियल धमनी बारीक असते. नळीमुळे तिच्या आतल्या अस्तराला इजा होते. त्यात वरचा पट्टा फार घट्ट किंवा फार वेळ राहिला, तर रक्त थांबून गुठळी होते. साधारण शंभरातील पाच ते आठ रुग्णांत असे घडते.

त्रास काय होतो?

बहुतेकांना काहीच जाणवत नाही, कारण हाताला अल्नार ही दुसरी धमनीही रक्त पुरवते. पण पुढच्या अँजिओग्राफीसाठी, बायपाससाठी किंवा डायलिसिसच्या फिस्टुलासाठी ही धमनी कामाची राहत नाही. म्हणून किडनीचा आजार असेल, विशेषतः खारपाण पट्ट्यातील रुग्णांनी, तो डॉक्टरांना आधीच सांगावा.

रुग्णालयात काय केले जाते?

- शक्य तितकी बारीक नळी वापरतात आणि हेपॅरिन देतात.
- पट्टा रक्तस्राव थांबेल इतकाच घट्ट ठेवतात. धमनीतला प्रवाह चालू राहिला पाहिजे.
- साध्या अँजिओग्राफीनंतर सुमारे दोन तासांत पट्टा सैल करायला सुरुवात होते.

तुम्ही काय करावे?

- पट्टा स्वतः सोडू किंवा आवळू नका. बोटे निळी पडली, बधिर झाली तर सिस्टरना सांगा.
- सुट्टीआधी विचारा, "डॉक्टर, मनगटाची धमनी चालू आहे ना?" नुसती नाडी लागणे पुरेसे नाही; तळहाताकडून उलटे रक्त येऊनही ती लागते. अल्नार दाबून ऑक्सिमीटरने किंवा डॉपलरने खात्री होते. धमनी बंद आहे हे लवकर कळले, तर अल्नार तासभर दाबून आणि औषधांनी ती अनेकदा पुन्हा सुरू होते. गावी पोहोचल्यावर ही संधी हुकते.
- काही दिवस त्या हाताने फवारणीचा पंप, पाण्याची कळशी उचलू नका.
- स्टेंट बसवला असेल तर गोळ्या मनाने बंद करू नका.

घरी रक्त येऊ लागले तर जागा घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. हात थंड किंवा पांढरा पडला, तीव्र वेदना झाल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.