वेलीच्या अंगात मुरलेलं लिहोसिन

निफाडच्या द्राक्षबागेत मे महिना म्हणजे पुढच्या हंगामाची बेगमी. एप्रिलमध्ये खरड छाटणी उरकलेली असते, काड्या अजून कोवळ्या असतात, आणि याच दिवसांत त्यांच्या डोळ्यांत घड धरणार की आधाराला गुंडाळणारी बाळी, हे ठरतं. दोन्ही एकाच अंकुरातून निघतात. वेलीत जिबरेलिनचा जोर असला की शेंडे सुसाट पळतात आणि अंकुराची बाळी होते. जोर ओसरला की घड बसतो.

म्हणून बागायतदार लिहोसिन मारत आले. शास्त्रीय नाव क्लोरमेक्वाट क्लोराइड. अमेरिकेतल्या टॉलबर्ट यांनी १९६० मध्ये त्याचा वाढ रोखण्याचा गुण दाखवला. वेल ज्या वाटेने जिबरेलिन बनवते, ती वाटच ते अडवतं. गंमत अशी, की फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर हाच बागायतदार मणी फुगावेत म्हणून घड ‘जीए’त, म्हणजे जिबरेलिनच्याच द्रावणात, बुडवतो!

२०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत हे क्लोरमेक्वाट सापडलं. तिथली तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, टनभर द्राक्षांत ज्वारीच्या जेमतेम दोन दाण्यांच्या वजनाइतकं. निर्यातीआधी ज्यांची तपासणी होई, त्या रसायनांत याचं नाव नव्हतं. शिवाय इथाइल ॲसिटेटने अंश ओढून घेण्याच्या नेहमीच्या पद्धतीत हा मिठासारखा पदार्थ हाती लागत नाही. तो पाण्यातच राहतो. कंटेनर परदेशी बंदरांत अडकले, आणि फटका बसला तो बांधावरच्या माणसाला.

मे महिन्यातली फवारणी हिवाळ्यातल्या मण्यांत कशी उतरली?

क्लोरमेक्वाट म्हणजे कोलीनचा जवळजवळ जुळा भाऊ. फरक एवढाच, की कोलीनमध्ये ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते तिथे याच्याकडे क्लोरीन. वनस्पती तो क्लोरीन काढते, कोलीन तयार होतं, पुढे बीटेन. दोन्ही तिच्या रोजच्या कामाची. पण बहुवर्षायू झाडात हे काम फार सावकाश चालतं. न मोडलेला भाग लाकडात साठतो आणि नव्या फुटीबरोबर वर चढतो. युरोपातल्या पेअरच्या झाडांत तर फवारणी थांबल्यावरही काही वर्षं फळांत त्याचे अंश मिळत राहिले.

२०१०च्या त्या फटक्यानंतर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेच्या तपासणीत क्लोरमेक्वाटचं नाव आलं. निर्यातीची बाग धरणारे आता वेलीचा जोर रोखायला पाणी तोडतात, नत्राला हात आखडता घेतात. सात पानं झाली, की अंगठ्याच्या नखाने शेंडा खुडतात; बगलेतून सबकेन, म्हणजे उपकाडी, फुटते.