तार थांबली, कान शिकत राहिले

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली आणि लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीबरोबर आपल्या धाराशिव जिल्ह्यातली सास्तूर, होळी, पेठसांगवी ही गावेही दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. देशात मोबाईल यायला अजून दोन वर्षे होती. कोण वाचले, कुठे काय हवे, हे कळवायचे कसे, हाच प्रश्न होता. अशा वेळी हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, आपले संच घेऊन भूकंपग्रस्त भागात आले आणि त्यांनी निरोपांची ने-आण केली. धाराशिव जिल्ह्यात हॅम रेडिओचा विषय निघाला, की सुरुवात तिथूनच करावी लागते.

त्या काळी शॉर्टवेव्हवर बोलायचा परवाना हवा असेल, तर मोर्सची, म्हणजे टिंब आणि रेघांच्या सांकेतिक लिपीची, परीक्षा चुकत नव्हती. दूरसंचार खात्याच्या परीक्षेत मोर्स ऐकून लिहून घ्यायचा आणि कीवर बोटाने पाठवायचाही. वरच्या श्रेणीसाठी वेग होता मिनिटाला 12 शब्द. शहरांत क्लब होते, जुनी जाणती माणसे शेजारी बसवून शिकवायची. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी असा गुरू शोधायचा कुठे? कॅसेट मिळाली तरी दहा वेळा ऐकल्यावर मजकूरच पाठ व्हायचा, कान मात्र तिथेच राहायचे.

पुढची वीस वर्षे मोर्सच्या माघारीची होती. 1 फेब्रुवारी 1999 पासून जहाजांच्या संकटसंदेशांसाठी उपग्रहांवर आधारलेली नवी व्यवस्था जगभर पूर्णपणे लागू झाली. 2003 मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने हॅम परवान्यासाठीची मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवली आणि निर्णय ज्या त्या देशावर सोपवला. भारताने सर्वसाधारण श्रेणीसाठी अट नंतरही ठेवली, वेग मात्र 8 शब्दांवर आणला. 14 जुलै 2013 हा आपल्या तारसेवेचा शेवटचा दिवस ठरला. तारघरातली कडकट्ट त्याच्या कितीतरी आधी टेलिप्रिंटर आणि संगणकांनी बंद केली होती.

पण याच वर्षांत मोर्स शिकण्याची सोय मात्र कधी नव्हती इतकी सुधारली. 1930 च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली पद्धत संगणकामुळे घराघरांत पोहोचली. पहिल्या दिवसापासून अक्षर पूर्ण वेगाने ऐकायचे. सुरुवातीला दोनच अक्षरे, नव्वद टक्के बरोबर येऊ लागली की तिसरे. यामागचे कारण साध्या हिशेबात दिसते. मिनिटाला 8 शब्दांच्या वेगात एक टिंब 150 मिलिसेकंदांचे असते, 20 शब्दांच्या वेगात 60 चे. रेघ टिंबाच्या तिप्पट. हळू वेगात टिंबे मोजता येतात आणि मोजण्याची सवय लागली, की दहा शब्दांच्या आसपास माणूस अडकून पडतो. वेगात मोजायला सवडच नसते. मग अक्षर एका ठेक्यासारखे अखंड ऐकू येते. संगणक दर वेळी नवीन अक्षरे काढतो, त्यामुळे पाठांतराला वाव राहत नाही. 2008 मध्ये फाबियान कुर्त्स या जर्मन हॅमने असेच धडे संकेतस्थळावर फुकट खुले केले.

माझ्या मते खरे वळण आणले ते मोर्स रनरने. कॅनडातले हॅम अ‍ॅलेक्स शोव्कोप्ल्यास यांनी 2004 च्या सुमारास लिहिलेली ही फुकट प्रणाली रेडिओ स्पर्धेचा हुबेहूब सराव देते. आपण हाक द्यायची, की एकाच वेळी चारपाच स्टेशने उत्तर देतात. एक मोठ्याने, एक क्षीण, एक भलत्याच वेगात. या गर्दीला हॅम पाइलअप म्हणतात. त्यातून एकेकाचे कॉलसाइन, म्हणजे स्टेशनाचे ओळखचिन्ह, उचलायचे, टंकायचे, क्रमांक द्यायचा-घ्यायचा आणि पुढच्याला बोलवायचे. विजांची खरखर, शेजारच्या स्टेशनाचा अडथळा, विरत जाणारा आवाज, चुका करणारे ऑपरेटर, सगळे हवे तसे चालू-बंद करता येते. यासाठी परवाना लागत नाही, अँटेना नाही, संचही नाही. प्रणाली उतरवून घेतली, की जुना संगणक आणि हेडफोन पुरतो, इंटरनेटही लागत नाही. अतिवेगवान मोर्सच्या जागतिक स्पर्धांत हिच्यावरच एक फेरी घेतली जाते.

या खेळाचा आपत्तीशी काय संबंध, याचे उत्तर डिसेंबर 2004 ने दिले. भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालचे हॅम पथक अंदमानात पोर्ट ब्लेअरहून जगभरच्या स्टेशनांचा पाइलअप हाताळत होते. 26 तारखेला त्सुनामी आली. त्याच संचांवरून, त्याच माणसांनी बेटांवरच्या लोकांची खबरबात मुख्य भूमीवर पोहोचवली. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढणे, तो बिनचूक लिहिणे, घाईत न गडबडणे ही सवय तेव्हा आधीच अंगात मुरलेली होती.

मोर्सची जमेची बाजू आजही तीच आहे. बोलण्याचा आवाज शॉर्टवेव्हवर अडीच-तीन हजार हर्ट्झची जागा घेतो, मोर्सला शे-दीडशे हर्ट्झ पुरतात. शक्ती तेवढ्याच अरुंद पट्ट्यात एकवटते. म्हणून मोटारीच्या बॅटरीवर चालणारा पाच वॉटचा संचही, बोलणे जिथे खरखरीत बुडते, तिथून निरोप पोहोचवू शकतो.

किल्लारीच्या वेळी आपल्याकडे हे कौशल्य बाहेरून आले. पुढच्या वेळी ते इथलेच असावे, असे मला मनापासून वाटते. परवान्याच्या परीक्षेला बाराव्या वर्षापासून बसता येते. तेव्हा धाराशिवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, उमरगा-लोहाऱ्याच्या शाळांनी संगणक कक्षात रोज वीस मिनिटे या सरावाला द्यावीत. ज्यांचे कान तयार होतील, त्यांना परीक्षेला बसवावे आणि मग महाविद्यालयात एक संच, एक अँटेना उभी करावी. यातला पहिला टप्पा बिनखर्चाचा आहे आणि उद्यापासून सुरू करता येण्यासारखा आहे.