प्रवेशाआधीची कागदपत्रं

अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांचे निकाल बहुधा मार्चअखेर लागतात. आर्थिक मदतीची कागदपत्रं मात्र त्याआधीच भरावी लागतात. बरीच कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांकडून ‘सीएसएस प्रोफाइल’ हा मदतीचा अर्ज मागतात. घोळ होतो तो इथं: अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. बाबांचा फॉर्म १६ नेमका कुठल्या वर्षाचा जोडायचा, यावर घरात रात्र जाते. सरळ कॉलेजच्या मदत-कार्यालयाला ईमेल करावा. पोर्टलवर ‘कागद अपूर्ण’ दिसलं म्हणजे प्रवेश गेला असं नव्हे. पोचलेल्या कागदाची नोंद व्हायला वेळ लागतो. एमआयटी, हार्वर्डमध्ये मदत मागितल्यानं प्रवेशाची शक्यता घटत नाही. इतर अनेक ठिकाणी परदेशी अर्जदाराची घटते, हे खरं. पण ‘आधी प्रवेश, मग मदत’ हा बेत तिथं सहसा चालत नाही.