घराची टापटीप आणि मुलांचा सहवास

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली कीं महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांतून दोन निरनिराळीं कामें एकदम सुरू होतात. घराच्या आंत जळमटें निघतात, माळ्यावरचे डबे खालीं उतरतात, पितळेचीं भांडीं चिंचेनें घासलीं जातात, पडदे धुतले जातात. त्याच वेळीं वाड्याच्या अंगणांत किंवा इमारतीच्या आवारांत मुलें विटा, दगड आणि माती गोळा करीत असतात. त्यांचा किल्ला व्हावयाचा असतो. आंतलें काम घर उजळण्याचें, बाहेरचें काम अंग मळविण्याचें. दोहोंची गांठ पडते ती उंबरठ्यावर. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर चिखलाचीं दोन पावलें उमटतात. जुनें गोणपाट मागावयास आलेला मुलगा दारांतच अडविला जातो, आणि "आधीं पाय धू, आतां कोणाला सवड नाहीं," एवढें उत्तर घेऊन परत फिरतो.

यांत आईचा दोष काढण्याचें कारण नाहीं. घर चांगलें दिसावें असें तिला वाटतें तें घरांतल्या माणसांसाठींच. परंतु ज्यांच्यासाठीं घर सजवावयाचें, त्यांनाच त्या सजावटीपायीं बाहेर ठेवावें लागत असेल, तर हिशेबांत कोठें तरी चूक झाली आहे, हें ओळखलें पाहिजे.

किल्ल्याचें उदाहरण वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण त्यांत काय काय असतें तें पाहावें. दगड-विटांचा ढीग रचावयाचा, चिखलांत भिजविलेलें गोणपाट त्यावर पसरावयाचें, बुरूज, तट आणि पायऱ्या करावयाच्या, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवें रान उगवण्याची वाट पाहावयाची. पाणी ओतावें कीं शिंपडावें? बुरूज ढासळतो तो कां? राजगडाला माच्या किती, आणि त्यांचीं नांवें काय? हे प्रश्न मुलांना त्याच वेळीं पडतात आणि त्याच वेळीं विचारावयाचे असतात. वडील तासभर शेजारीं बसले, तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी हीं नांवें पाठ करावीं लागत नाहींत. तीं हातांतल्या मातीबरोबर ध्यानांत राहतात. त्याहून मोलाची गोष्ट ही, कीं आपल्या प्रश्नासाठीं मोठें माणूस आपलें काम बाजूस ठेवतें, हें मुलाला कळतें.

आणि हा काळ फार थोडा असतो. मुलगा असो वा मुलगी, किल्ल्याचा नाद सहाव्या वर्षीं लागून बाराव्या वर्षापर्यंत टिकला असें धरलें, तरी दिवाळ्या भरतात त्या सातच. त्यांतली एखादी आजारपणांत जाते, एखादी प्रवासांत. भिंतीला रंग यंदा दिला नाहीं तर पुढील वर्षीं देतां येतो. आठव्या वर्षीं गोणपाट मागणारें मूल सोळाव्या वर्षीं तें मागावयास येत नाहीं.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. स्वच्छता वेगळी आणि देखावा वेगळा. पिण्याचें पाणी झांकलेलें असावें, अन्नावर माशा बसूं नयेत, जेवणापूर्वीं हात धुतले जावे, मोरी व संडास निर्मळ असावे; या गोष्टींत कसूर म्हणजे मुलांच्या प्रकृतीशीं खेळ. यांत सवलत नाहीं. परंतु बैठकीच्या उशा सदैव सरळ असाव्या, भिंतीवर पेन्सिलीची एकहि रेघ नसावी, कपाटांतील पुस्तकें उंचीप्रमाणें लागलेलीं असावीं, हीं कामें आरोग्याचीं नव्हत. तीं पाहुण्याच्या डोळ्यांचीं आहेत. पसारा म्हणजे वात्सल्य नव्हे, हें खरें. पण पसाऱ्याचा धाक म्हणजेहि शिस्त नव्हे.

यंत्रें आलीं म्हणजे आपोआप सवड मिळेल, अशी एक समजूत आहे. अमेरिकेंतील अनुभव तिच्या उलट आहे. जोन व्हॅनेक या विदुषीनें १९७४ सालीं दाखवून दिलें, कीं १९२० ते १९३० च्या दरम्यान नोकरी न करणाऱ्या गृहिणी आठवड्यास सुमारें ५२ तास घरकाम करीत. १९६० नंतरच्या दशकांत, घरोघरीं विजेचीं यंत्रें आल्यावर, तो आंकडा ५५ तासांचा भरला. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनीं १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत याचें कारण उलगडलें. धुण्याचें यंत्र आलें तेव्हां कपडे अधिक वेळां बदलले जाऊं लागले, धुण्याचा ढीग वाढला. गडीमाणसांचें, परटिणीचें आणि घरांतील इतरांचें कामहि गृहिणीकडेच आलें. यंत्रानें एका कामाचे कष्ट वांचविले, पण घर कसें असावें याची अपेक्षा त्याबरोबर वर चढली. वांचलेला वेळ कशासाठीं ठेवावयाचा हें आधीं ठरविलें नाहीं, तर तो पुन्हां फरशीच्या चकाकींतच खर्च होतो.

हा खर्च कोण सोसतें, हेंहि पाहिलें पाहिजे. भारत सरकारनें २०१९ सालीं केलेल्या कालविनियोगाच्या पाहणींत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें घालवितात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटें, असें आढळलें. तेव्हां "मुलांना वेळ द्या" असा उपदेश एकट्या आईस करणें म्हणजे भरल्या घागरींत आणखी पाणी ओतणें होय. आधीं घागर थोडी रिती केली पाहिजे. वडिलांनीं माळ्यावरचे डबे उतरवावे, आजोबांनीं भाजी निवडावी, आणि पाहुण्यांनीं धूळ दिसली तरी ती बोलून दाखवूं नये.

आई-बापांनीं सर्वांगपूर्ण असलेंच पाहिजे, हा आग्रह मुलांच्या हिताचा नाहीं, असें जाणत्यांचेंहि मत आहे. डोनल्ड विनिकॉट या इंग्रज बालवैद्यानें १९४३ पासून नभोवाणीवरून मातांसाठीं अनेक भाषणें केलीं. परिपूर्ण आई नव्हे, पुरेशी चांगली आई मुलाला हवी असते, हा विचार त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. तो फरशीविषयीं नव्हता, मुलाच्या गरजांविषयीं होता. पण जें आईला लागू पडतें तें घरालाहि लागू करण्यास हरकत नाहीं. घर पुरेसें चांगलें असलें म्हणजे झालें.

सहवासासाठीं घरकाम टाकूनच दिलें पाहिजे, असेंहि नाहीं. मारिया मॉण्टेसोरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. तेथें झाडणें, धुणें, ताटें मांडणें हीं कामें मुलांच्या शिक्षणाचा भाग ठरलीं. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढलें, आणि ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामीण मुलांसाठीं बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, तेंहि याच वाटेनें. घरीं हें सहज साधतें. करंज्या करतांना पिठाची एक गोळी मुलीच्या हातीं द्यावी. तिची करंजी वांकडी होईल, कदाचित् तेलांत फुटेलहि. समई घासावयास मुलाला बसवावें. दुप्पट वेळ लागेल. पण तो वेळ वायां गेला असें म्हणतां येणार नाहीं, कारण त्या वेळांतच गोष्टी निघतात, शाळेंतलीं भांडणें कळतात, मनांतली भीति बाहेर येते. "काय झालें?" असें समोर बसवून विचारलें तर मूल गप्प राहतें, चिंच चोळतां चोळतां तें आपण होऊन बोलतें.

म्हणून प्रत्येक घरानें आपल्यापुरतीं दोन-तीन कामें ठरवून मागें टाकावीं. मुलांच्या पसाऱ्यासाठीं एक कोपरा असावा आणि रोज एकदांच, झोंपण्यापूर्वीं, सर्वांनीं मिळून तो आवरावा. रात्रींच्या जेवणानंतरचा अर्धा तास कोणत्याहि भांड्यासाठीं मोडूं नये.

भाऊबीज झाली कीं किल्ला ढासळूं लागतो. अळीव पिवळे पडतात, मातीचे मावळे जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून पेटींत घातले जातात आणि पेटी माळ्यावर जाते. पुढें मुलें मोठीं होतात, कोणी परगांवीं जातात, घर आपोआप नीटनेटकें राहूं लागतें. उशा हलविणारें कोणी उरत नाहीं. मग एखाद्या दिवाळीस घरीं आलेल्या मुलाच्या हातीं ती पेटी लागते. त्या वर्षीं पडदे कोणते होते हें त्याला सांगतां येत नाहीं. किल्ल्याचा दरवाजा वडिलांच्याच हातून दोनदां ढासळला होता आणि आई पिठाचे हात तसेच घेऊन तो पाहावयास बाहेर आली होती, हें मात्र त्याला आठवतें.