१०५४ चा पाहुणा तारा

पावसाळा सरला की राधानगरीच्या लक्ष्मी तलावावरचे आकाश निवळते आणि कृत्तिकांमागून वृषभ रास उगवताना दिसते. तिच्या एका शिंगाच्या टोकाशी लहान दुर्बिणीतून धुरकट ठिपका दिसतो. तो क्रॅब तेजोमेघ, एका स्फोट पावलेल्या महाताऱ्याचे अवशेष.

सूर्याच्या आठपटीहून अधिक वस्तुमानाचा तारा हायड्रोजन, हेलियम, कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन असे एकेक इंधन संपवीत लोहापर्यंत येतो. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्ची पडते. जमेची बाजू अशी आटली की सुमारे पृथ्वीएवढा गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो, बाहेरचे थर अवकाशात उधळतात. हाच अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा. मागे उरतो जेमतेम वीस किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा. क्रॅबमधला सेकंदाला तीसदा स्वतःभोवती फिरतो.

त्या स्फोटाचा प्रकाश साडेसहा हजार वर्षांचा प्रवास करून आला, तेव्हा चिनी ज्योतिर्विदांनी ४ जुलै १०५४ रोजी ‘पाहुणा तारा’ म्हणून त्याची नोंद केली. २३ दिवस तो भरदिवसाही दिसे. कोल्हापुरावर तेव्हा शिलाहारांचे राज्य होते. जुलैत येथे ढगच. परंतु रात्री तो १०५६ पर्यंत दिसत होता, म्हणजे दिवाळीच्या सुमारास येथूनही दिसलाच असणार. कोल्हापुरातच जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी संस्कृत विदुषी सरोजा भाटे यांच्यासह जुन्या भारतीय ग्रंथांत त्याचा माग काढला. निर्विवाद नोंद मिळाली नाही. दमडीचाही हिशेब वहीत उतरविणाऱ्यांना हा कोरा रकाना खुपतो. मात्र बस्त्यांतील आणि घरोघरची सारी ताडपत्रे अद्याप वाचून झालेली नाहीत.