शिडांची शर्यत व शाळेचें नांव

वरठीस राहणाऱ्या वाचकापुढें शिडाच्या नौकांच्या शर्यतीची गोष्ट काढली, तर तो साहजिकच हंसेल. भंडारा रोड स्टेशनावर मुंबईच्या गाडींत बसलें, तरी सुमारें ९०० किलोमीटर गेल्यावांचून समुद्र दृष्टीस पडावयाचा नाहीं. आपलें पाणी म्हणजे वैनगंगेचें आणि गांवोगांवच्या तलावांचें. आपली नौका म्हणजे ढिवर बांधवांचा डोंगा, आणि त्यास बांबू किंवा वल्हें पुरतें, शीड लागत नाहीं. असें असतांहि हा विषय विद्यार्थ्यांपुढें मांडावासा वाटतो, याचें कारण असें कीं, शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा पाहणारा असा दुसरा खेळ क्वचितच सांपडेल.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यास वाइट नांवाचें बेट आहे. हें बेट व मुख्य भूमि यांच्यामध्यें सोलेंट ही सामुद्रधुनी पसरली आहे. तेथें शरद ऋतूंत एका शनिवार-रविवारीं निरनिराळ्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे संघ ‘अ‍ॅरो ट्रॉफी’ नामक चषकासाठीं शिडाच्या नौका घेऊन उतरतात. एरव्हीं हे लोक आपापल्या उद्योगांत गढलेले असतात. त्यांत वयानें लहान-थोर सर्व प्रकारचे असतात. सर्व संघांस एकाच घडणीच्या नौका मिळतात, म्हणून अधिक पैसा खर्चून अधिक वेग विकत घेतां येत नाहीं. विजय मिळावयाचा तो हातांच्या कौशल्यानें व मनाच्या एकीनें.

हा खेळ आपल्या देशांतहि नवा नाहीं. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालीं स्थापन झाला. पावसाळा संपून समुद्र शांत झाला म्हणजे गेटवे ऑफ इंडियासमोरच्या पाण्यावर पांढरीं शिडें दिसूं लागतात. १९८२ सालीं आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीस भरल्या, परंतु दिल्लीस समुद्र कोठून असणार? म्हणून शिडांच्या शर्यती मुंबईस झाल्या. आणि तेथें फारोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीनें ‘एंटरप्राइझ’ जातीच्या, दोघांनीं चालवावयाच्या नौकेंत भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें.

आतां ही नौका चालते कशी, तें पाहूं. वारा मागून आला म्हणजे शीड ढकललें जातें व नौका पुढें जाते, एवढें कोणासहि समजतें. पण वारा समोरून येत असतांहि नौका त्या दिशेस जाऊं शकते, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. अगदीं नाकासमोरच्या वाऱ्यांत ती सरळ जाऊं शकत नाहीं, हें खरें. परंतु वाऱ्याच्या दिशेशीं सुमारें ४५ अंशांचा कोन ठेवला, तर ती पुढें सरकते. वारा शिडाच्या फुगीर बाजूवरून वाहूं लागला म्हणजे त्या बाजूस हवेचा दाब कमी होतो आणि शीड तिकडे ओढलें जातें. विमानाच्या पंखास जें बळ वर उचलतें, तेंच हें. हें बळ नौकेस थोडें पुढें व पुष्कळसें आडवें ओढतें. परंतु नौकेच्या तळाशीं पाण्यांत उभी बुडालेली एक रुंद फळी असते. मोठ्या नौकांत तिच्या जागीं शिशाचा किंवा लोखंडाचा जड कणा असतो. तो तिला आडवें सरकूं देत नाहीं. मग पुढें जाण्यावांचून नौकेस गत्यंतर उरत नाहीं. संत्र्याची ओली बी दोन बोटांच्या चिमटींत दाबली म्हणजे ती जशी पुढें निसटते, तसाच हा प्रकार आहे. कांहीं अंतर उजवीकडे, मग वळून कांहीं अंतर डावीकडे, अशा नागमोडी मार्गानें, घाटाचा रस्ता चढावा तशी ती वाऱ्याच्या दिशेनें चढत जाते.

शर्यतीचा आरंभहि पाहण्यासारखा असतो. पंचांची नौका व एक तरता बोया यांमधील काल्पनिक रेषा हीच आरंभाची रेषा. निघण्यापूर्वीं ५ मिनिटें एक निशाण चढतें व इशाऱ्याचा आवाज होतो. ४ मिनिटें उरलीं असतां दुसरें निशाण चढतें. १ मिनिट उरलें म्हणजे तें उतरतें. आणि शेवटीं पहिलें निशाण उतरलें कीं शर्यत सुरू झाली. नौकेस घोड्याप्रमाणें लगाम ओढून रेषेवर उभें करतां येत नाहीं. म्हणून सर्व नौका रेषेच्या मागें घिरट्या घालीत असतात, आणि नेमक्या क्षणीं भरवेगानें रेषेवर यावें अशी प्रत्येकीची खटपट चालते. जी नौका घाईनें आधींच रेषा ओलांडील, तिला परत फिरून पुन्हां निघावें लागतें. पुढें वाऱ्याकडच्या बोयास वळसा घालावयाचा, मग फुग्यासारखें मोठें शीड उभारून वाऱ्याबरोबर खालीं यावयाचें, असे फेरे होतात. पहिल्या नौकेस १ गुण, दुसरीस २, याप्रमाणें गुण मिळतात. आणि सर्व शर्यतींची बेरीज करून ज्याचे गुण सर्वांत कमी, तो संघ विजयी होतो.

मोठ्या नौकेवर सात-आठ माणसें लागतात. एकाच्या हातीं सुकाणूं, दोघे-तिघे शिडांच्या दोऱ्यांवर, एक नाळेवर, एक डोलकाठीच्या पायथ्याशीं, आणि एक केवळ वारा व प्रतिस्पर्धी यांवर नजर ठेवून सल्ला देणारा. वळण्याचा हुकूम होतांच हीं सर्व कामें कांहीं क्षणांत व्हावीं लागतात. एकानें दोरी सोडण्यास उशीर केला, तर सातांचे श्रम फुकट जातात. शाळेंत असतां जो वर्गाचा नायक होता, त्यास कदाचित् येथें नुसती दोरी धरून बसावें लागतें; आणि जो मागच्या बांकावर बसे, त्याच्या हातीं सुकाणूं असतें. ही वांटणी ज्यांस मनापासून मान्य होते, त्यांचीच नौका नीट चालते.

परंतु या खेळाचें खरें वैशिष्ट्य त्याच्या नियमपालनांत आहे. फुटबॉलांत पंच शिटी घेऊन खेळाडूंच्या मागें धांवत असतो. येथें डझनावारी नौका विस्तीर्ण पाण्यावर पसरलेल्या. बहुतेक शर्यतींत प्रत्येकीमागें पंच ठेवणें शक्य नसतें. नियम साधे आहेत. जिच्या उजव्या बाजूनें वारा येतो, त्या नौकेस मार्गाचा पहिला हक्क. डाव्या बाजूनें वारा घेणारीनें तिला वाट द्यावी. दोघींसहि एकाच बाजूनें वारा असेल, तर वाऱ्याकडच्या नौकेनें दुसरीस संभाळावें. हा नियम मोडला, तर नौकेनें आपण होऊन इतरांपासून दूर जावें व जागच्या जागीं दोन पूर्ण वेढे घालावे, ही शिक्षा. बोयास स्पर्श झाला, तर एक वेढा. दुसऱ्यानें नियम मोडल्याची तक्रार करतां येते व किनाऱ्यावर तिची सुनावणीहि होते. पण पहिला भरंवसा ज्याच्या त्याच्या सचोटीवरच असतो.

आतां कल्पना करा. शेवटची शर्यत आहे, नौका पहिली आहे, आणि वळसा घेतांना शिडाची आडवी काठी बोयास जराशी घासली. मागच्या कोणींच तें पाहिलें नाहीं. वेढा घातला, तर दोन-तीन नौका पुढें निघून जातील व चषक हातचा जाईल. न घातला, तर कोणीहि विचारणार नाहीं. नौकेवरच्या आठ माणसांस मात्र तें ठाऊक आहे. त्या क्षणीं सुकाणूं कोणीकडे वळतें, त्यावरून त्या शाळेनें आपल्या मुलांस काय शिकविलें, तें ठरतें. चषक दुसऱ्या वर्षीं परत मिळवितां येतो. गमावलेलें नांव परत मिळत नाहीं.

नियमपुस्तकाचा प्रारंभच मुळीं असा आहे कीं, संकटांत सांपडलेल्यास शक्य ती सर्व मदत करावी. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधील नौकांच्या शर्यती पुसान येथें झाल्या. कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू हा एकट्यानें चालवावयाच्या ‘फिन’ नौकेंत दुसऱ्या क्रमांकावर होता. वारा प्रचंड होता. इतक्यांत दुसऱ्या एका शर्यतींतील सिंगापूरची नौका उलटून तिचे दोघे खलाशी पाण्यांत पडलेले त्यानें पाहिले. त्यानें आपला मार्ग सोडला, दोघांस वांचविलें, मदतीची नौका येईपर्यंत तो थांबला, आणि मगच पुढें निघाला. तोंपर्यंत पुष्कळ नौका पुढें गेल्या होत्या. पंचांनीं त्या शर्यतींत त्यास दुसराच क्रमांक दिला. अखेर त्यास ऑलिंपिक पदक मिळालें नाहीं. पण खिलाडूपणाबद्दल पिअर द कुबर्तँ यांच्या नांवाचें पदक देऊन त्याचा गौरव करण्यांत आला. त्या फिन शर्यतींत पदकें कोणास मिळालीं, तें आज फार थोड्यांस आठवतें; लेम्यूचें नांव मात्र राहिलें आहे.

शिडांस समुद्रच लागतो असें नाहीं. पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडें चालविण्यास शिकतात; हैदराबादेस हुसेनसागर तलावांत राष्ट्रीय शर्यती भरतात. आपल्या जिल्ह्यांतहि पवनीकडे गोसीखुर्द धरणानें वैनगंगेचें पाणी विस्तीर्ण झालें आहे. तेथें उद्यां शीड उभें राहील किंवा न राहील. पोहणें न शिकतां व अंगावर तरंगण्याचें जाकीट न चढवितां मात्र कोणीं तें धाडस करूं नये.

आमच्या शाळेंतून बाहेर पडणारा विद्यार्थी कोणी गिरणींत, कोणी रेल्वेंत, कोणी शेतावर जाईल. तेथेंहि त्याच्यामागें शिटी घेतलेला पंच असणार नाहीं. बोयास काठी लागली, हें त्याचें त्यासच कळेल. त्या वेळीं त्यानें मुकाट्यानें आपला वेढा घालावा, आणि मग पुन्हां शीड भरून पुढें निघावें.