दोष तारेत नाही, जोडात

आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेकाठी, जैनद-बेलाच्या शिवारात विहिरीवरची मोटर जळाली की बोल लागतो तो व्होल्टेजला. तार काळवंडली म्हणून करंट कमी येतो, असंही कुणी सांगतं. ते पटत नाही. तांब्यावरचा काळपट थर तारेच्या जाडीपुढे नगण्य असतो. वीज तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहते हा आक्षेपही इथे टिकत नाही, कारण 50 सायकलच्या विजेसाठी तांब्यात वीज शिरण्याची खोली सुमारे 9 मिलिमीटर भरते, म्हणजे पंपाची तार गाभ्यापर्यंत कामाला येते. हाच थर जोडात शिरला की मात्र गोष्ट बदलते. घट्ट आवळलेले दोन धातूसुद्धा मोजक्या उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात. पावसाळ्यात त्या फटीत ओल उतरते, तांब्यावर हिरवा कळंक आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, आणि वाट आणखी अरुंद होते. पाच एचपीची मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते. जोडाचा रोध अर्धा ओम झाला तर जेमतेम पावणेचार व्होल्ट पडतात, मीटरच्या काट्यावर ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. पण तिथे 28 वॅट उष्णता निघते. सोल्डरिंगचं साधं हत्यार 25 वॅटचं असतं! जोड तापतो, तापल्यावर आणखी गंजतो, आणि एक दिवस ती फेज जाते.

व्होल्टेज कमी पडल्यानेही मोटरी जळतात, हे खरंच. पण तेव्हा तिन्ही फेजची गुंडाळी सारखीच करपते. रिवाइंडिंगसाठी उघडलेल्या मोटरीत स्टार जोडणी असून दोन फेजची गुंडाळी कोळसा आणि तिसरी कोरी दिसली (डेल्टा असेल तर उलट, एक जळालेली आणि दोन शाबूत), तर मोटर दोन फेजवर ओढत होती हे उघड आहे. ओव्हरलोड रिले बायपास केलेला असेल, तर तिला थांबवणारं कुणीच नसतं.

मग जोड पॉलिश पेपरने घासला की झालं? तांब्याचं काही काळ भागतं. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड पक्का विद्युतरोधक, आणि घासलेल्या जागी तो क्षणात पुन्हा धरतो, म्हणून घासायचं ते जोडाचं ग्रीस लावून, ग्रीसखालीच. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर आणि तांब्याची केबल नुसती पीळ देऊन चिकटपट्टीत गुंडाळणं सर्वांत वाईट. ओल्यात ॲल्युमिनियम झिजतं, शिवाय उन्हात ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे पीळ सैल पडतो. बायमेटल क्लॅम्प याचसाठी असतो. तोही बसवताना ॲल्युमिनियमची बाजू वर ठेवावी, कारण तांब्यावरून ओघळलेलं पाणी ॲल्युमिनियमला खातं.